संपाच्या दिवशी लागलेला सिनेमा

सिनेमावेड्या माणसाचा खरा रोग सिनेमा पाहण्याचा नसतो. पाहायला काय, कुणीही पाहतो. याचा रोग असतो दुसऱ्याला पाहायला लावण्याचा. "काय सांगता, तुम्ही अजून तो पाहिला नाहीत?" असं विचारताना त्याच्या तोंडावर जी कीव उमटते, ती पाहून समोरच्याला आपलं आयुष्य खरोखरच फुकट गेलं असं वाटायला लागतं. घरात आजारपण असो, लग्नकार्य असो, नळाला पाणी नसो, याचं आपलं एकच टुमणं: आधी तो सिनेमा पाहा.

चष्मेवाल्यांना हा रोग जुना आणि पक्का. जन्मभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं आणि नंबर काढता काढता सिनेमे सुचवले. "खालची ओळ वाचा. अंहं, तो तीन नाही, आठ आहे. बरं, हा चष्मा तयार झाला की पहिल्यांदा तो खाणीतल्या घोड्याचा सिनेमा पाहायचा. चांगली काच उगाच पेपर वाचण्यात वाया घालवू नका." गिऱ्हाईक हसायचं, मान डोलवायचं, आणि 'पाहिला का?' या प्रश्नाला तोंड द्यायला लागू नये म्हणून पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात जायचं. दुकान बसलं ते यामुळेच, असं त्यांची मुलगी म्हणायची, पण हसत म्हणायची.

मुलीला ते बबडी म्हणत. बबडी आता स्वतः एका पोरीची आई होती, लांबच्या शहरात घरांचे नकाशे काढायची, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी बापाच्या तोंडी बबडीच. ती धड मोठी नाही, धड लहान नाही अशा वयात तिची आई गेली. त्यानंतर बापलेकींनी एकमेकांना धरून दिवस काढले. तिने स्वयंपाक करपवायचा आणि त्यांनी तो मिटक्या मारत खायचा. शाळेच्या पालकसभेला सगळ्या आयांच्या घोळक्यात हा एकटा बाप बसायचा आणि बाईंनाही सिनेमा सुचवून यायचा. बबडीला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

अभिमानाचं मोठं कारण मात्र वेगळं होतं. बापाबद्दल बोलायची वेळ आली की ती एकच गोष्ट सांगायची. आई दवाखान्यात होती, ताप डोक्यात गेलेला, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन कुठेच मिळत नव्हतं. "माझा बाबा अख्खं शहर पायी पालथं घालून ते घेऊन आला. पायांना फोड आले होते त्याच्या. वेळेवर पोचला नाही, तो नशिबाचा भाग. पण असा नवरा, असा बाप बघितलाय कुणी?" सासरी नवीन असताना तिने ही गोष्ट सांगितली, भांडणात नवऱ्याला सुनावली, पोरीला झोपवताना सांगितली. चष्मेवाले समोर असले की खाली मान घालून म्हणायचे, "जाऊ दे गं, कशाला ते जुनं." लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस आहे.

यंदा ते न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण बबडी धावत आली आणि तिने निकालच देऊन टाकला. "आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे खोली आहे. तिला खिडकी आहे, भिंत मोकळी ठेवलीय, पडद्यासाठी. नात वाट बघतेय, आजोबा रोज एक सिनेमा दाखवणार म्हणून." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. त्यांची अपेक्षा काय, तर पोरीने दर रविवारी एक फोन करावा. मिळालं अख्खं घर. दुकान दुसऱ्याला देऊन झालं, भाड्याची जागा सोडून झाली, दोन बॅगांत संसार बसला. पुढचं सगळं आयुष्य आता बबडीच्या घरात, तिच्या देखरेखीत, तिच्या मायेत जायचं होतं. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं?

जाण्याआधी एकच गोष्ट राहिली होती: मंडळाचा निरोप.

मंडळ म्हणजे पाच-सात सिनेमावेडी माणसं. दर रविवारी सकाळी टायपिंग क्लासच्या हॉलमध्ये जमायची. यंत्रांवर खोळी घातलेल्या, खिडक्यांना काळं कापड, भिंतीवर पांढरी चादर. जागा टायपिंगबाईंची, प्रोजेक्टर दातवाल्या डॉक्टरांचा, आणि भांडणं शंकासुराची. शंकासुर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना प्रत्येक गोष्टीत शंका. सिनेमा संपल्यावर टाळ्या थांबायच्या आत ते विचारायचे, "पण मला सांगा, त्या बाईला किल्ली मिळाली कुठून?"

मंडळाचे नियम कडक होते. दर रविवारी एकाने सिनेमा सुचवायचा. दाखवण्यापूर्वी उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: कुठे पाहिला, कधी पाहिला, कुणाबरोबर पाहिला. कथेचं अवाक्षर काढायचं नाही. मग दिवे गेले की सुचवणाऱ्याने पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून खुर्चीत बसायचं. त्याने सिनेमा पाहिलेलाच असतो; त्याने आता पाहणाऱ्यांना पाहायचं. आणि सिनेमा संपेपर्यंत उठायचं नाही. हा शेवटचा नियम दातवाल्यांमुळे आला. त्यांनी सुचवलेला एक सिनेमा लोकांना सोसेना, जांभया सुरू झाल्या, तेव्हा ते चहाच्या निमित्ताने जे गेले ते घरीच गेले.

चष्मेवाल्यांनी आजवर बरेच सिनेमे दाखवले, पण ज्याबद्दल ते सगळ्यांत जास्त बोलायचे तो कधीच दाखवता आला नव्हता. कारण त्याचं नावच त्यांना माहीत नव्हतं. परक्या भाषेतला, काळापांढरा, एका नावाड्याचा आणि त्याच्या बायकोचा. मंडळातल्या प्रत्येकाला त्या सिनेमाची हकिकत तोंडपाठ होती. शंकासुर तर तोंडावर म्हणायचे, "असा सिनेमाच नाही. तुम्हाला स्वप्न पडलं होतं." चष्मेवाले चिडायचे, पुन्हा सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायचे, आणि दर वेळी ती थोडी अधिक चांगली व्हायची.

आणि तो सिनेमा सापडला. दातवाल्यांच्या भाच्याने इंटरनेटवर कुठल्याशा परदेशी संग्रहातून शोधून काढला. चष्मेवाल्यांनी नुसती पहिली दोन मिनिटं पाहिली, नदीवरचं धुकं पाहिलं, आणि ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. निरोपाच्या रविवारी हाच दाखवायचा, आणि बबडीने पुढच्या रांगेत बसून पाहायचा, असं ठरलं. "बबडे, आजवर तुला शंभर सिनेमे सांगितले असतील," ते फोनवर म्हणाले होते, "ते सगळे विसर. हा एक पाहा. हा पाहिलास की तुला तुझा बाप कळेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते असं.

रविवारी बबडी आली. बॅगा दाराशी ठेवल्या, गाडी सिनेमा संपायच्या वेळेला बोलावली. टायपिंगबाईंनी तिला पुढे बसवलं, हातात चहा दिला. "तुझ्या बाबांशिवाय आमचं मंडळ म्हणजे नुसत्या खुर्च्या गं." दातवाल्यांनी तिच्या दातांची चौकशी केली. बबडी हसत होती. बापाची माणसं तिला आवडली होती.

चष्मेवाले उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत चमक. या भाषणाची तयारी त्यांना करावीच लागली नव्हती.

"कुठे पाहिला," त्यांनी सुरुवात केली. "घंटाघरासमोरच्या थिएटरात. ते आता पाडलं. कधी पाहिला? तर संपाच्या दिवशी. तुमच्यापैकी जुन्या माणसांना आठवत असेल. सगळी वाहतूक बंद. बस नाही, रिक्षा नाही, कुत्रं रस्त्यावर नाही."

"आठवतो की," टायपिंगबाई म्हणाल्या. "मी माहेरी अडकले होते."

"तर त्या थिएटरात मारामारीचा सिनेमा लागायचा होता. पण संपामुळे त्याची रिळं आलीच नाहीत. मॅनेजर डोकं धरून बसला. मागे कोठीत एक जुनी पेटी पडली होती, कुणाची, कशाची, देव जाणे. त्याने तीच लावली. त्या एका दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी मारामारी आली आणि हा गेला. म्हणजे हा सिनेमा या शहरात फक्त त्या दिवशी, फक्त त्या थिएटरात लागला, आणि तो पाहणारे आम्ही मोजके!"

"आणि दुसरा खेळ!" मागून दातवाले ओरडले. "ते सांगा, ते सांगा!"

"सांगतो ना. सिनेमा संपला. बाहेर आलो, जिन्यावर उभा राहिलो, ऊन डोळ्यांवर आलं. आणि पाऊल पुढे पडेना. मागे फिरलो, पुन्हा तिकीट काढलं आणि दुसरा खेळही पाहिला. सलग. आयुष्यात एकदाच केलंय असं."

लोक हसले, कुणी वाहवा केली.

"कुणाबरोबर, ते राहिलं," शंकासुरांनी आठवण केली. नियम म्हणजे नियम.

"एकटाच."

"अहो, वहिनींना न्यायचं ना," टायपिंगबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या.

आणि चष्मेवाल्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. "तिची तब्येत बरी नव्हती."

हे वाक्य त्यांनी मंडळात कितीदा म्हटलं होतं. ते सवयीने आलं, सहज आलं, आणि त्याच सहजपणे त्यांनी पोरीकडे पाहिलं. बबडीने चहाचा कप तोंडाशी नेला होता. तो तिथेच थांबला. मग तिने तो सावकाश खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात बाईंनी अवघड प्रश्न विचारल्यावर मूल जसं आठवायला लागतं, तशी ती काहीतरी आठवत होती.

दिवे गेले. चष्मेवाले खुर्चीत बसले, पडद्याकडे पाठ करून.

आता कुणी म्हणेल, माणूस असं विसरेल कसं? विसरलेले नव्हतेच ते. बायको गेली तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. संपाच्या दिवशी पाहिलेला सिनेमाही लख्ख आठवत होता. फक्त हे दोन्ही एकाच दिवशी घडलं, ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं स्वतःला कळू दिली नव्हती. एक दिवस बबडीसाठी, एक दिवस मंडळासाठी. दोन्ही हकिकती वेगवेगळ्या माणसांना सांगायच्या, त्या कधी एका खोलीत आल्याच नाहीत. आज त्यांनी स्वतः बोलावून, पुढच्या रांगेत बसवून, त्यांची गाठ घालून दिली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर हलत होता. टायपिंगबाईंचे ओठ किंचित उघडे होते. शंकासुर पुढे झुकले होते. सगळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, पडद्याकडे पाहत होते. बबडी एकटी पडद्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती.

 संप, त्यांच्या मनात आलं. मी संप म्हणालो.

उठावं, तिचा हात धरून बाहेर न्यावं, काहीतरी सांगावं. पण काय? आणि नियम असा की उठायचं नाही. नियमाचा आधार घेऊन ते बसून राहिले. खरं तर तिच्यासमोर उभं राहायचा धीर नव्हता, पण माणूस अशा वेळी नियमाचंच नाव सांगतो.

पाठीमागे वल्ह्यांचा आवाज सुरू झाला. त्यांना प्रत्येक आवाज ओळखीचा होता, त्यामुळे मागे न बघताही सगळं दिसत होतं. आणि सिनेमाबरोबर तो दिवसही दिसायला लागला, अख्खा, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि ते निघाले. शहर पालथं घातलंच नव्हतं. घंटाघराजवळच्या पहिल्याच मोठ्या दुकानात औषधवाला म्हणाला, "आत्ता नाही, पण आमची गाडी निघालीय, औषधांची म्हणून संपवाले सोडतायत. दुपारपर्यंत येईल. इतरत्र फिरू नका, कुठेच मिळणार नाही. इथेच थांबा." समोर थिएटर होतं. दवाखान्यात परत जाऊन तिच्याजवळ बसता आलं असतं. पण तिचं ते कण्हणं, ती नजर, आणि आपल्या हातात काही नाही हे तिला दिसणं. त्यांना ते सोसवत नव्हतं. वेळ तर काढायचाच होता. ते आत जाऊन बसले. इथवर त्यांना कुणीही माफ केलं असतं.

सिनेमा संपल्यावर जिन्यावर ऊन डोळ्यांवर आलं होतं, हे खरं. पाऊल पुढे पडेना, हेही खरं. पण मंडळाला सांगताना एक गोष्ट गाळलेली असायची. रस्त्यापलीकडे औषधवाल्याची गाडी आली होती. माणसं खोकी उतरवत होती. औषधवाल्याने त्यांना पाहिलं आणि हात वर करून बोलावलं, या, आलं तुमचं. त्यांनीही हात वर केला, आलोच. आणि ते मागे फिरले, तिकिटाच्या खिडकीकडे.

इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टर नंतर म्हणाले, सांगता येत नाही. या तीन शब्दांवर चष्मेवाल्यांनी उरलेलं आयुष्य काढलं. सांगता येत नाही, म्हणजे कदाचित नसतीच वाचली. सांगता येत नाही, याचा दुसराही अर्थ होतो, तिकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.

मागे सिनेमा शेवटाला आला. पूल झाला, नाव बंद पडली, नावाडी गेला. आता त्याची बायको एकटीच किनाऱ्यावरून वल्हं उचलून घरात नेईल, दार लहान, वल्हं लांब, ते आत जाता जाणार नाही. टायपिंगबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शंकासुरांची हनुवटी थरथरत होती. चष्मेवाल्यांनी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो हा: त्यांचा सिनेमा पाहून लोक रडत होते. बबडीचे डोळे कोरडे होते.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. शंकासुर उठले आणि त्यांनी चक्क हात जोडले. "चष्मेवाले, माझी कसलीही शंका नाही. जन्मात एकदा पाहावाच असा आहे." दातवाल्यांनी त्यांना मिठी मारली. टायपिंगबाईंनी बबडीला विचारलं, "कसा वाटला गं?"

"चांगला आहे," बबडी म्हणाली. "सगळ्यांनी पाहायला हवा." आणि एक बॅग उचलून ती जिन्याकडे गेली.

निरोप घाईत झाले. दुसरी बॅग घेऊन चष्मेवाले मागोमाग उतरले. ती जिन्याच्या वळणावर थांबली होती, भिंतीला टेकून. खाली गाडीवाला वाट पाहत होता.

"बबडे, मी ते जरा रंगवून सांगतो. मंडळात सांगायचं म्हणून," ते म्हणाले.

"दुसऱ्या कुठल्या दिवशी लागला होता तो?"

होय म्हणायला काय जात होतं? पण वर बसलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की तो एकच दिवस लागला होता. ते त्यांनीच घोकून घेतलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

"पहिला खेळ मी समजू शकते बाबा. खरंच. घाबरला असशील. मीपण घाबरले होते. मला कुणी जाऊ दिलं असतं तर मीही कुठेतरी पळून गेले असते." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणू विचारावं तसा. "दुसरा का पाहिलास?"

कितीतरी उत्तरं देता आली असती. पण चष्मेवाले सिनेमावेडे होते, आणि सिनेमाबद्दल विचारलं की त्यांच्या तोंडून खरंच निघायचं. जित्याची खोड.

"पहिल्यांदा शेवट नीट दिसला नव्हता गं. डोळे भरून आले होते."

"कुणासाठी?"

त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"त्या नावाड्याच्या बायकोसाठी?"

त्यांनी मान हलवली. हो.

बबडी खाली पायरीवर बसली. बॅग तिने मांडीवर घेतली, लहान मुलं दप्तर घेतात तशी.  वरून शंकासुरांचा आवाज येत होता, ते कुणालातरी वल्ह्याबद्दल समजावून सांगत होते.

"आई विचारत होती," ती म्हणाली. "आले का, आले का. दर थोड्या वेळाने. मी सांगत होते, बाबा येतोय, औषध घेऊन येतोय, बस नाहीत ना, म्हणून चालत येतोय. मी तिला सांगत होते की तुझ्यासाठी तो दारोदार फिरतोय. ते ऐकलं की ती जरा शांत व्हायची. मग पुन्हा विचारायची. शेवटी मीच चिडले. म्हटलं, किती विचारतेस गं, येतोय ना! तेच शेवटचं. त्यानंतर ती काही बोललीच नाही." तिने बॅगेची चेन थोडी उघडली, पुन्हा लावली. "मी इतकी वर्षं त्या चिडण्याबद्दल स्वतःला खात होते. पण निदान खरं बोलले होते, एवढं समाधान होतं. आज कळलं की मी तिला खोटं सांगत होते. तिला मरताना मी खोटं सांगितलं, बाबा. तुम्ही मला ते सांगायला लावलंत."

तिने त्यांना कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"संध्याकाळी तुमचे पाय मी गरम पाण्यात धरून बसले होते," ती म्हणाली. "आई आत होती, पांढऱ्या चादरीखाली. आणि मी तुमचे पाय शेकत होते."

"फोड खरे होते गं," चष्मेवाले म्हणाले. "येताना चालतच आलो. फोड खरे होते."

तिने त्यांच्याकडे वर पाहिलं. या माणसाला याहून दुसरं काही सांगायचं नाही, हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही दिसलं. दुकानात त्यांचा जन्म लोकांच्या डोळ्यांत पाहण्यात गेला होता, पण असं विझताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

खाली हॉर्न वाजला. बबडी उठली, साडी झटकली, बॅग हातात घेतली.

"खोली तयार आहे," ती म्हणाली. "रंग देऊन झालाय. तुमचं दुकान गेलं, घर गेलं, आता तुम्हाला कुठे ठेवू? पोरीला तरी काय सांगू? या, राहा. जेवण, औषधपाणी, काही कमी पडणार नाही. फक्त त्या घरात आईचं नाव काढायचं नाही. माझ्यासमोर नाही, पोरीसमोर नाही, कधीच नाही."

"बबडे, माझं एकदा ऐकून तरी घे."

"ऐकलं की," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलंत. छान सांगितलंत."

ती उतरायला लागली. चष्मेवाले मागे मागे, कठड्याला धरून. घसरायला झालं तेव्हा तिने मागे वळून हात पुढे केला, धरला, आणि सपाटीवर पाय टेकताच सोडला. गाडीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मागे ते आणि बॅगा. वर खिडकीतलं काळं कापड बाजूला झालं, मंडळ हात हलवायला लागलं. "तिकडच्यांनाही सुचवा बरं का!" दातवाले ओरडले. चष्मेवाल्यांनी हात वर केला. त्यांना जायला दुसरी जागा उरली नव्हती आणि तिला त्यांना रस्त्यावर टाकवत नव्हतं, म्हणून गाडी दोघांना घेऊन निघाली.